आत गेलेलं मऊ

केतकीला डे-केअरला ठेवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, "बच्ची की अपनी चादर भेज दीजिएगा, दोपहर को सब सोते हैं." श्रीरंग येता येता बाजारातून चादर घेऊन आला असता. मी गोधडी शिवायला घेतली.

माझ्या या छंदाबद्दल घरात आदर आहे असं म्हणता येणार नाही. काळजी कमी व्हावी म्हणून मी तो लावून घेतला, आणि आता मला सुयांची काळजी असते. शिवून झालं की फ्रिजवरचा मासोळीचा मॅग्नेट काढून मी सगळ्या कापडावरून फिरवते. एखादी सुई राहिली असली तर?

"एअरपोर्टवर नोकरी बघ यार," श्रीरंग म्हणतो. "सिक्युरिटीत लगेच घेतील."

सासूबाई त्याच्या पुढे. "थंडीत सुरू केलीस, आता खाली सेमलचं झाड फुललं. रजया बेडच्या बॉक्समध्ये गेल्या, पंखा लागला. पोरगी कॉलेजात गेली की पांघरेल."

पण झाली. ठिगळांचा वरचा भाग थंडीभर जोडत होते, आणि डे-केअरच्या आदल्या दिवशी, रविवारी, श्रीरंग केतकीला घेऊन बागेत गेला तेव्हा मी थर लावून धावदोरे घालायला बसले. वर आमचे जुने कुर्ते, खाली अस्तर, आणि मधल्या थराला मऊ.

मऊ म्हणजे आईंची, सासूबाईंची, जुनी सुती साडी. हिरवी होती म्हणतात. आई आता सलवार-सूटच घालतात, म्हणून ती केतकीच्या वाट्याला आली. तिचा पदर बोटांत चुरगाळल्याशिवाय आमची बाई झोपत नाही. आता असलं विरलेलं कापड डे-केअरला कसं पाठवायचं? तिथल्या बाकीच्या आया काय म्हणतील? मऊ आत घातलं तर गोधडी तेवढीच मऊ होईल आणि केतकीला आपोआप कळेल, असं मला वाटलं. मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय.

केतकी घरी आली ती पेंगुळलेलीच. "मऊ?"

मी गोधडी पुढे केली. तिने ती चाचपली, उलटी केली, खाली वाकून पाहिलं.

"ये मऊ नहीं है."

"अगं, आत आहे. बघ, हात लाव."

"अंदर क्यों है? निकालो!"

मग जो भोंगा सुरू झाला, तो शेजारच्या टॉवरमध्येही ऐकू गेला असणार. दुपार गेली, झोप नाही. हुंदके देत ती गोधडीवरून मोटार चालवत होती, आणि मी दाराआडून बघत होते. उद्या अनोळखी जागा, अनोळखी माणसं आणि हे असं. मी ऑफिसात कशी बसणार होते?

"दाराआडून काय बघतेस, सीआयडी?" आई मागून म्हणाल्या. "आण ती इकडे." त्यांनी गोधडी मांडीवर पसरली. "टाके छान आलेत हो. बिल्कुल सरळ."

आईंकडून पहिलीच शाबासकी. मी फुलले.

"आता उसव."

"आई! कोपरे किती नीट जमलेत!"

"कोपऱ्यांचे फोटो तुझ्या ग्रुपवर टाकून झाले ना? मग झालं. तिला काय एक्स-रे दिसतो, आत काय आहे ते कळायला?"

डोळे मिटून त्या कडेकडेने बोटं फिरवत गेल्या आणि एका कोपऱ्यावर थांबल्या. "इथे पदर आहे. काठ जाड लागतोय."

मी उसवलं. ओढून वीतभर पदर बाहेर काढला आणि त्याच्या बाजूने पुन्हा टाके घातले. इतक्या सरळ गोधडीने मला जीभ काढून दाखवल्यासारखं दिसत होतं. श्रीरंगला मात्र ती फार आवडली. "आता हिला एक्स्प्रेशन आलं."

केतकी दुरून बघत होती. हळूच आली, पदर मुठीत धरला, चुरगाळला, आणि मी मॅग्नेट फिरवायच्या आतच झोपली. मग तिच्या अंगाखालून जमेल तेवढा फिरवला.

सकाळी मॅडमनी गोधडी उलगडली. "ये कोना सिलना रह गया, मम्मा?"

"जी नहीं," मी म्हटलं, "यही तो चादर है."

मॅडम हसल्या. मी हसले नाही. गेटबाहेर बराच वेळ उभी राहिले आणि मग कॅब पकडली.

दुपारी मीटिंग चालू असताना डे-केअरकडून फोटो आला. रांगेत झोपलेली मुलं, कडेला केतकी, तोंड उघडं, मुठीत पदर. मी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला.

आईंचा अंगठा आला. मग श्रीरंगचा मेसेज: "वा! बाय द वे, फ्रिजवरची मासोळी कुठे गेली?"

मी पर्समध्ये हात घातला. तिथेच होती. मीटिंग संपेपर्यंत मी ती मुठीतून सोडली नाही.