बानूबाईच्या दारातली निळी पेटी

मी लशीची निळी पेटी बोलतेय. माझ्या पोटात बर्फ आणि बर्फात गोवराच्या लशीच्या इवल्या कुप्या. १९८६च्या उन्हाळ्यात मी बोरीजवळच्या उपकेंद्रात आले, आणि तेव्हापासून भीतभीतच जगते आहे. मला उन्हाची भीती, बर्फ विरघळण्याची भीती. पण सगळ्यात जास्त भीती बंद दारांची.

नर्स सत्यशीलाबाई मला खांद्याला अडकवून मेंढपाळांच्या वस्तीवर नेत. आम्ही दिसलो की बाया लेकरं उचलून घरात पळत. मी कुणाचं काय बिघडवलं होतं?

एकदा बानूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. आत त्यांची नऊ महिन्यांची नात चांगुणा खेळत होती. शेजारच्या वस्तीत गोवर शिरला होता.

“आणीबाणीत असेच दवाखान्याचे लोक आले व्हते,” त्या म्हणाल्या. “माझ्या थोरल्या लेकाला, मुंजाजीला जीपमधी घालून नेलं. त्याच्या घरी पाळणा हललाच न्हाई. आता धाकट्याच्या लेकीवर डोळा हाय का तुमचा?”

“मावशी, ही नसबंदीची सुई नाही. गोवराची आहे.”

सत्यशीलाबाईंना मेंढरांच्या कानांवर तांबडा रंग दिसला. जनावरांचे डॉक्टर टोचलेल्या मेंढराला तशी खूण करत. “मेंढरांना टोचून घेतलंत ना?”

“घेतलं की. न्हाईतर पटापटा मरतेत.”

“मग नातीला का नको?”

“मेंढरू गेलं तर दुसरं व्हतं, बाई. ही एकच हाय.”

मला बानूबाईंचा राग आला आणि कीवही आली. दार लागलं.

पुढच्या आठवड्यात त्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला होता. घरात गोवर आल्याची ती खूण. बानूबाई धावत आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझं झाकण उघडलं. “टोच बाई, आता टोच!”

चांगुणा तापानं फणफणली होती, धाप लागली होती. आता माझ्या पोटातली लस तिच्या काही कामाची नव्हती. जिंतूरच्या दवाखान्यात नेताना एसटीतच तिनं डोळे मिटले. मी शेजारच्या सीटवर होते.

महिन्यानं आम्ही परत गेलो, तेव्हा बानूबाई वाटेवरच थांबल्या होत्या. त्यांनी मला डोक्यावर घेतलं आणि त्या दारोदार फिरल्या. “मी दार लावलं व्हतं,” एवढंच त्या सांगत. काही दारं उघडली, काही नाही.

आता माझी कडी तुटली आहे, झाकण सुतळीनं बांधतात. तरी मी येते. तुमच्या दारात आले तर भ्या, हवं ते विचारा, भांडा. पण दार लावू नका. माझा बर्फ फार वेळ टिकत नाही.