न टेकवायची कळशी

“कळशी भुईला टेकली तर याद राख, रायबा. ते देवीचं पाणी हाय.”

हैबतीनाना काठी आडवी धरून वाटेत उभे होते. त्यांच्यामागं त्यांचीच सून कमळा खडकाला टेकून बसली होती. बसली कसली, कलंडलीच होती. सातवा महिना, ओठ पांढरे, घामसुद्धा आटलेला. रायबाच्या खांद्यावरची कळशी काठोकाठ, आणि डोकं तापलेलं.

शाळेत मास्तरांची छडी मोडून तो घरी आला, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासनं वाड्यावर कुणी त्याच्या वाटेला जायचं न्हाई. चुलता, हैबतीनाना, तेवढा जायचा.

दर चैताला वेल्ह्याच्या वरल्या धनगरवाड्यातलं हे घर झऱ्याचं पाणी घेऊन पठारावरच्या देवीच्या दगडाला जायचं. रीत ठरलेली. कळशी एकच, ती वाटेत टेकवायची न्हाई, आणि दगड भिजेपर्यंत कुणी घोटभर प्यायचं न्हाई. का, ते कुणी विचारायचं न्हाई. रायबानं एकदा विचारलं होतं आणि थोबाडीत खाल्ली होती.

“दगडाला तहान लागत न्हाई, नाना,” तो म्हणाला. “वैनीला लागलीया.”

नानांनी काठी उगारली. तेवढ्यात त्यांची आई, सारजाबाई, धापा टाकत मागनं आली आणि तिनं काठीचं टोक धरलं. मग म्हातारीनं जे सांगितलं, ते तिला तिच्या सासूनं मरताना सांगितलं होतं. पठारावर देवी-बिवी कुणी न्हाई. मेंढरांमागं गेलेली आपल्याच घरातली एक बाई तिथं उन्हानं पडली. नवरा पाण्याला खाली पळाला. भरून येताना वाटेत गडी भेटले, त्यानं कळशी टेकवली आणि घडीभर चिलीम ओढत बसला. वर पोचला तवर बाई गार झाली होती.

“मग दर साली त्याच दिशी तो पानी घिऊन वर जायचा. येकलाच,” म्हातारी म्हणाली. “मागनं पोरं गेली, नातवंडं गेली, दगडाला शेंदूर लागला. बाईला इसरलो आन् कळशी तेवढी धरून बसलो आपण.”

नानांची काठी खाली आली.

रायबानं कळशी टेकवली. ओंजळ कमळाच्या ओठाशी धरली. पहिलं पाणी हनुवटीवरनं गळालं, दुसरं तिनं गिळलं. तिला पाजता पाजता, डोकं-मान भिजवता भिजवता कळशी रिती झाली. कमळानं डोळे किलकिले केले आणि आणखी पाणी मागितलं. ऊन अजून माथ्यावरच होतं. सावलीला झुडूप न्हाई, अशा अवघड उतारावरनं तिला उचलून न्यायची सोय न्हाई, आणि झरा कोसभर खाली.

नानांनी मुंडासं सोडलं, म्हातारीच्या हातात एक टोक दिलं आणि दोघांनी सुनेवर सावली धरली. मग रायबाकडं बघून ते हळूच म्हणाले, “पाय कापत्यात तुझं. बस घडीभर, दम खा.”

रायबानं रिती कळशी खांद्यावर टाकली.

“बसत न्हाई, नाना. मला निघाया पायजे आता.”