रुक्मिणीबाईंचा रकाना

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, नुसते रकाने आहेत. मी एक जुनी एक्सएमएल फाईल आहे. धाडजवळच्या एका गावात पाण्याची मोटर कधी, किती वेळ आणि कोणाच्या होकाराने चालवायची, हे माझ्यात लिहिलेले असते.

मला प्रसेनजितने घडवले. त्याने पाणीयोजनांसाठी एक फ्रेमवर्क, म्हणजे माझ्यासारख्या फाईलींचा संगणकी साचा, लिहिले होते. माझ्या आधीच्या फाईलीत कोणीतरी वेळेच्या जागी 'पोरं शाळेत गेल्यावर' असे लिहिले आणि रविवारी टाकी कोरडी राहिली. म्हणून त्याने माझ्या प्रत्येक रकान्याला टाइप दिला. वेळेच्या जागी वेळच, आकड्याच्या जागी आकडाच. 'चालक' या रकान्यात माणूसच हवा, आणि त्याचा फोन नंबर. तो रिकामा दिसला की मी अख्खी फाईल नाकारायची. "हिच्यात चूक घुसूच शकत नाही," असे तो म्हणायचा. मला फार बरे वाटायचे.

चालक होत्या रुक्मिणीबाई. रोज सकाळी सहाला मोटरला जोडलेले यंत्र मला वाचून त्यांना फोन करी. त्या "हाव" म्हणाल्या की मोटर सुरू. चार वर्षांत एक नागा नाही.

मग रुक्मिणीबाई वारल्या. माझ्यात मरणाला टाइप नव्हता.

तेरवी होईपर्यंत बाईंच्या जागी कोणी नाव लावायचे नाही, असे गावाने ठरवले. त्यांचे नाव खोडून पाहिले, मी नाकारले. 'देवाघरी' लिहिले, नाकारले. 'मारुती' लिहिले, नाव चालले, नंबरावर अडले. शेवटी बाईंचेच नाव परत घालून लोक घागरी घेऊन शेतातल्या विहिरीवर गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन लागला. पलीकडून बाईंच्या आवाजात "हाव" आले. मोटर सुरू झाली.

गाव फार भ्याले. पाणी मात्र सगळ्यांनी भरून घेतले.

असे नऊ दिवस चालले. मग प्रसेनजित बुलढाण्याहून आला आणि थेट बाईंच्या घरी गेला. त्यांच्या सुनेने, प्रतीक्षाने, पिठाच्या डब्यातून सासूचा फोन काढून दिला.

"त्याहीच्या आवाजात 'हाव' मीच म्हटलं. नाव हाये तोवर फोन येते," ती म्हणाली. "फोन येते तोवर आत्याबाई घरातच हायेत असं वाटते मले. नाव नका काढू, भाऊ."

प्रसेनजित तिथेच लॅपटॉप उघडून बसला. चालक म्हणून त्याने प्रतीक्षाचे नाव लावले. त्याखाली एक नवा रकाना केला, 'पूर्वीच्या'. नंबर नसला तरी चालेल, असा त्याचा टाइप. त्यात रुक्मिणीबाई.

"आता फोन तुमाले येईल, वहिनी. त्याहीले आराम करू द्या."

गेल्या सोमवारी प्रतीक्षा माहेरी संग्रामपूरला गेली. तिचा फोन घरीच राहिला, तोही बंद. सहाला मोटर सुरू झाली. यंत्राच्या नोंदीत लिहिले आहे : उत्तर 'हाव', नंबर रिकामा. मी तीनदा तपासले. 'पूर्वीच्या' रकान्यात नंबर नसला तरी चालतो, टाइप बरोबर होता. मला नाकारता येईना.

म्हणून सांगते मित्रांनो, फाईल लिहा नाहीतर घर बांधा, गेलेल्या माणसासाठी एक रकाना ठेवत जा. आणि सहाच्या आत घागरी नळाखाली लावून ठेवा. बाईंना नागा खपत नाही.