पादचारी आक्का

आक्काला शेवटी टेम्पोतूनच नेलं, आणि तिच्या मडक्यातला विस्तव वाटेत विझला.

पण ते राहू द्या. तसं काही झालंच नाही असं धरून चालू. आक्का अजून ओट्यावर बसून मिशरी लावतेय, आणि नदीवर नवा पूल झालाय.

पूल फक्त चालणाऱ्यांसाठी. कापड विणणारे लूम बंद पडत चालले होते, पोरं गोदामांत हमालीला लागली होती, नदीचं पाणी रोज नवा रंग घेऊन यायचं. अशा वेळी शहराचा कायापालट करायचा तर निळ्या दिव्यांचा पूल हवा, यावर जाणकारांचं एकमत झालं. देखाव्याच्या आड येते म्हणून पुलाखालची जुनी फरशी, पाण्यालगतचा ठेंगणा दगडी रस्ता, तोडली. पाड्यावरची सगळी मेलेली माणसं त्याच फरशीवरून पलीकडच्या स्मशानात गेली होती.

उद्घाटनाला बाळाराम फेटा बांधून गेला, सोबत आक्का. आक्का म्हणजे त्याची आई, पण त्याच्यासकट सगळा पाडा तिला आक्काच म्हणायचा. तिनं कठडा हातानं चाचपला.

"बरा हाय. पन मेलेली जातील कशी?"

लोक हसले. मग पाड्यावरची गुणाबाई वारली, आणि हसणं थांबलं.

मोटारसायकली घुसू नयेत म्हणून पुलाच्या दोन्ही तोंडांशी लोखंडी पाइपांची नागमोडी वाट केली होती. माणूस अंग चोरून वळतो, तिरडी वळत नाही. खांदेकऱ्यांनी गुणाबाईला तिरपी केली, कलती केली, एकदा तर जवळजवळ उभी केली. शेवटी हायवेच्या लांब वळशानं न्यायला टेम्पो बोलावला. पूर्ण्याच्या गोदामांपाशी कंटेनरच्या रांगेत ती अडकली ती दिवस कलेपर्यंत. घरून नेलेला विस्तव विझला. एका क्लीनरनं लायटर दिला, त्यावर काम झालं.

आक्का त्या दिवशी जेवली नाही. "परक्या मानसाच्या लायटरनं पेटवली गुणाला. बाळा, मना तशी नेऊ नको. घरचा विस्तव पायजे, आन पायी."

"न्हाय नेनार," बाळारामनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी तो कायापालट योजनेच्या कार्यालयात गेला. तिथं मनाली मॅडम होत्या, वयानं त्याच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड. त्यांनी आधी पाणी दिलं. तेव्हाच काम होणार नाही हे बाळारामला कळलं.

"काका, हा पादचारी पूल आहे. जो स्वतःच्या पायानं चालतो तो पादचारी."

"खांदेकरी चालतात की मॅडम."

"त्या चौघांना परवानगी आहेच."

"आणि वरची?"

"त्या चालत नाहीत ना."

"मग सामान म्हणून धरा."

मॅडमनी खरंच विचार केला. "सामान एका हातात मावेल एवढंच चालतं, काका."

आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि चूळ भरली. "म्हंजे जित्या मानसाला बंदी न्हाय."

"न्हाय."

"मंग मी जितीच जाते."

तेव्हापासून ती रोज सकाळी पदरात भाकरी बांधून पूल ओलांडायची आणि स्मशानाच्या दारातल्या नव्या बाकावर मरणाची वाट बघत बसायची. शेजारी बाळाराम, मडक्यात घरचा विस्तव घेऊन. मडक्याला वॉचमनची हरकत नव्हती, ते एका हातात मावत होतं. संध्याकाळी पुलाचं फाटक बंद व्हायच्या आत दोघं परत. "आज न्हाय झाला," आक्का म्हणायची, एसटी चुकल्यासारखी.

शेजारचा महमूद कधीकधी सोबत यायचा. लूम भंगारात विकल्यापासून तो कुणाच्याही सोबत जायचा.

"क्या आक्का, आज पण रिटर्न तिकीट?"

"तुजा लूम चालू झाला का रं?"

"नाही."

"मंग गप बस."

योजनेच्या फोटोग्राफरला तो बाक फार आवडला. लवकरच हायवेवर मोठा फलक लागला. त्यावर आक्का, मागे पूल, खाली अक्षरं: 'ज्येष्ठांना मिळालं नवं आयुष्य.'

मग एका सकाळी पुलाच्या मध्यावर आक्का म्हणाली, "जरा थांब रं." कठड्याला टेकून बसली. खाली पाण्याकडं बघितलं. "आज हिरवा हाय," म्हणाली, आणि गेली.

बाळाराम बराच वेळ पाण्याकडेच बघत होता. त्या दिवशी सोबत आलेल्या महमूदनं तिच्या नाकाशी हात धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाळाराम, निम्मा पूल झालाय. आडवी केलीस तर मयत. उभी ठेव."

दोघांनी तिचे हात आपापल्या खांद्यावर घेतले. बाळारामच्या मोकळ्या हातात मडकं. आक्काच्या चपला पुलावर घासत होत्या, तशा त्या रोजच घासायच्या.

पलीकडे पाइपांपाशी पोचले तर फाटक बंद. दुसऱ्या शहरातून पाहुणे आले होते, कायापालट कसा करतात ते शिकायला.

"याच त्या फलकावरच्या आजी," मनाली मॅडम म्हणाल्या. पाहुण्यांनी फाटकाआडून टाळ्या वाजवल्या.

"आजी, कसं वाटतं?" एकानं विचारलं.

"थकल्यात," महमूद म्हणाला.

"मॅडम, आमाला पलीकडं जायचंय," बाळाराम म्हणाला.

"कार्यक्रम संपला की उघडू ना, काका. तोवर जरा मागं वळून परत चालत जा. पाठमोरा फोटो छान येईल."

बाळारामनं तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं तर आक्का पादचारी राहिली नसती. त्यानं तोंड मिटलं. दोघांनी तिला वळवलं आणि परत चालवत आणलं. फोटो खरोखर छान आला.

अलीकडे पाण्याचा हंडा घेऊन बाळारामची बायको जानकीबाई उभी होती. तिनं सासूची लटकलेली मान बघितली आणि हंबरडा फोडला. त्यासरशी आक्का सगळ्यांसमोर मेली, आणि पूल तिला बंद झाला.

टेम्पो पूर्ण्यापाशी अडकला, नेमका फलकाखाली. वर आक्का बाकावर बसली होती, खाली आक्का आडवी होती. बाळाराम मडक्यात फुंकर मारत राहिला, राख डोळ्यांत जाईपर्यंत. शेजारच्या कंटेनरमधून एक हात बाहेर आला.

"लो चाचा. लायटर."

बाळारामनं तो घेतला.

तेरावं झाल्यावर तो पुन्हा कार्यालयात गेला. मॅडमनी पाणी दिलं. त्यानं अर्ज टेबलावर ठेवला:

'तरी विनंती की, अर्जदाराची आई (सध्या मयत) ही पलीकडील पाइपांपर्यंत रीतसर पादचारी म्हणून पोचलेली असल्याने, उरलेली वाट पूर्ण करण्यासाठी तिला एक दिवस जिवंत धरण्यात यावे, व त्या दिवशी फाटक उघडे ठेवण्यात यावे. विस्तव अर्जदार स्वतः घरून आणील.'