पांढरं पडलेलं प्रवाळ

आष्ट्याच्या धनपाल आण्णांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांची एकुलती लेक ब्राह्मी मात्र लक्षद्वीपच्या एका बेटावर राहून, पाण्याखाली उतरून प्रवाळांचा अभ्यास करायची. फोनवर ती तिथलं दाखवायची. जांभळी, पिवळी झुडपंच जणू. "दगड न्हाईत आण्णा, बारीक बारीक जीव हायेत, एकमेकांना धरून राहिलेले," असं तिनं एकदा सांगितलं. पोवळंही प्रवाळाचंच, म्हणून त्याच दिवशी तिच्या आईनं, चंपाबाईंनी, गळ्यातली पोवळ्यांची माळ काढून ठेवली.

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात ब्राह्मी न कळवताच घरी आली. धड जेवेना, बोलेना. चंपाबाई विचारून थकल्या. शेवटी धनपाल तिला मळ्यात घेऊन गेले आणि बांधावर बसल्यावर म्हणाले, "काय झालं गं बाळ?"

"सगळं पांढरं पडलं, आण्णा." ती म्हणाली. "त्यांच्या अंगात शेवाळ असतंय, तेच त्यांना खाऊ घालतंय. पाणी लय तापलं की ते निघून जातंय. मग रंग जातो, पण जीव असतो. उपाशी असतात नुसती. मी रोज जाऊन बघत होते. पाणी निवलं असतं तर वाचली असती. न्हाई निवलं."

धनपालांना त्यांची आई आठवली. म्हातारीनं शेवटी सल्लेखना घेऊन, आपण होऊन अन्न सोडलं होतं, शांत मनानं, सगळ्यांची क्षमा मागून. ह्या जिवांच्या तोंडचा घास तर कुणीतरी काढून घेतला होता.

तरी ते म्हणाले, "महापुरात आपला सगळा ऊस कुजला. पुढं आलाच की. तुजंबी येईल."

"येतं, आण्णा. मागं असंच मेलं, तवा मीच सांगत फिरले, ह्याला नुसता वेळ द्या, आपसूक उभं राहील. राहिलंबी. पण आता सावरायच्या आतच पुन्हा समुद्र तापतोय. दरसाल महापूर आला असता तर तुमी काय केलं असतं?"



ब्राह्मी परत गेली नाही. जवळच विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवू लागली. समुद्राचं नाव घरात कुणी काढेना.

दिवाळीनंतर बेटावरच्या होडीवाल्या कोयाचा फोन आला. ब्राह्मी उचलेना, म्हणून धनपालांनी घेतला. मोडक्या हिंदीत तो एवढंच सांगत होता, की उत्तरेच्या खोल अंगाला थोडं प्रवाळ जिवंत आहे, मॅडमला सांगा.

ऐकून ब्राह्मी भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "पुढचा उन्हाळा निघंल का त्याचा?"

"मला काय ठावं, बाळ," धनपाल म्हणाले. "पण तू जा."

ती गेली. आजाऱ्याच्या उशाशी बसायला निघावं, तशी गेली.

मे महिन्यात तिचा फोन आला. पाणी पुन्हा तापलं होतं.

"किती राहिलं?" धनपालांनी विचारलं.

"निम्मं गेलं."

"मग आता?"

"आता काय, आण्णा. हाय मी त्याच्याजवळ."

चंपाबाई दारातून खुणेनं विचारत होत्या, जेवली का ती? धनपालांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. पलीकडून वारा ऐकू येत होता, आणि लेकीचं रडणं.