कोंडीरामची हाक

या, अशी सतरंजीवर सरकून बसा. कीर्तन उभं राहायला अजून अवकाश आहे, टाळकरी चहा पितायत. तोवर आमच्या सास्तूरकडच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. देवळात बसलोय, तेव्हा वाढवून सांगणार नाही.

कोंडीराम आमच्या गावचा पाणी सोडणारा. पाणी चार दिवसांनी, तेही लाइट असेल तेव्हा. म्हणून टाकीचा व्हॉल फिरवला की तो दारोदार नाव घेत निघायचा. "महालिंगप्पा, पाणी सोडलंय! धुरपदाबाई, घागरी काढा!" शेवटचं दार लक्ष्मम्माचं. म्हातारी एकटी, डोळ्यांनी अधू. आतून ओरडायची, "हाय रं बाबा, हाय!"

ही रीत भूकंपापासूनची. त्र्याण्णव साली त्या पहाटे गाव मातीत गेलं, तेव्हा पंचविशीतला कोंडीराम ढिगाऱ्यांवरून एकेकाचं नाव घेत फिरला. जिथून ओ आली, तिथले दगड लोकांनी हातांनी उपसले. लक्ष्मम्मानं तेव्हाही हेच उत्तर दिलं होतं.

गेल्या साली गाव सुंदर गावाच्या स्पर्धेत उतरलं. ग्रामसेवक राजशेखर भला पोरगा. त्यानं कोंडीरामच्या हातात मोबाइल दिला.

"मामा, आता हिंडायचं न्हाय. पाणी चालू हाय तवर दर दहा मिनिटांनी व्हॉलपाशी उभं राहून फोटो टाकायचा. लोकांना मेसेज जातो. तीन महिने एकबी फोटो चुकला न्हाय, तर तालुक्याला स्टेजवर तुमचं नाव पुकारतील. गावाला गुण मिळतील ते येगळंच."

कोंडीराम मला म्हणाला, "तीस वर्सं म्या समद्यांची नावं पुकारली, दादा. माझं कुनी पुकारलं न्हाय."

यात मला काही वाईट दिसलं नाही. आजही दिसत नाही. त्याच्या बायकोनं, कमलबाईनं, स्टेजसाठी पांढरा सदरा इस्त्री करून ट्रंकेत ठेवला.

फोटो जात राहिले. गल्ल्या गप्प झाल्या. तीन महिन्यांतली पाण्याची शेवटची पाळी आली, त्या सकाळी लक्ष्मम्मा काठी टेकत टाकीपाशी आली.

"कोंड्या हाय का हितं?"

"हाय की. तुम्ही कशाला आलाव?"

"मेलास का काय, बघाया आले. कवाधरनं आवाज न्हाय तुजा."

"आता मोबाइलवर मेसेज येतो, लक्ष्मम्मा."

"माझ्याकडं कुटला मोबाइल? आन् त्यो माझं नाव घितो व्हय?"

कोंडीराम हसला. "पाण्याची अडचण झाली का?"

"पानी शेजारीन देती भरून. पर सकाळच्याला 'हाय' म्हनायला कुनी इचारावं लागतंय का न्हाय?"

पुढच्या फोटोला तीन मिनिटं होती. कोंडीरामनं मोबाइलकडं पाहिलं. मग तो कट्ट्यावर ठेवला, म्हातारीचा हात धरला आणि पहिल्या गल्लीपासून सुरुवात केली. घागरी घेऊन बायका दारात आल्या. "मेसेज बिघडला वाटतं," कुणीतरी म्हणालं. लक्ष्मम्माला त्यानं आधी तिच्या घरात बसवलं, चार पावलं मागं आला आणि मग पुकारलं. आतून उत्तर आलं.

"एकच सकाळ राहिली हुती वो मामा! एकच!" राजशेखर कळवळला. तालुक्याला दुसरीच नावं पुकारली गेली. आमच्या गावाचा नंबर हुकला.

यंदा माघात लक्ष्मम्मा गेली. ट्रंकेतला सदरा कोंडीरामनं तिच्या मातीला जाताना अंगात घातला. आता त्या दाराला कुलूप आहे. पाण्याच्या दिवशी तो तिथंही थांबतो, नाव घेतो, थोडा वेळ ऐकतो आणि व्हॉल बंद करायला वळतो.

बघा, बुवा उभे राहिले. आता नामाचा गजर होईल. देवाची सगळी नावं घेऊन झाली की एक नाव माझ्यासाठी घ्या. मोठ्यानं नको, मनातच. कोंडीराम.