लोहनाथबाबाचा रुसलेला पाट

जोहराबी गेल्याची बातमी दारव्ह्यात पसरली तो बाजाराचा दिवस होता, आणि निम्मा मोहल्ला लोहनाथबाबाच्या रांगेत उभा होता. तिचा नवरा नजीर मिस्त्री जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारा. तो दाराशी बसून येईल त्याचा सलाम घेत होता. येणारा आधी उशिराबद्दल माफी मागे आणि मग हळूच म्हणे, "आमचा नंबर एकशे बारा होता, मिस्त्री. सोडून कसं यावं?"

बाबाचा मांडव कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यामागे होता. समोर लाल कापडात गुंडाळलेला पाट. बाबा त्याच्यावर खिळा धरी, खिळा टक्कन चिकटे, बाया हात जोडत. मग दुखणेकऱ्याला वर बसवत, आणि पाट आपोआप गुणगुणू लागे.

"पृथ्वी चुंबक! चंद्र चुंबक! तुमच्या रक्तात लोखंड!" बाबा माइकवर गरजे. "कंबर, गुडघे, मूळव्याध, कोर्टाची तारीख, सगळं ओढून काढतो! यवतमाळच्या दवाखान्यात चुंबक लावून राह्यले ना? ती आमच्याच विद्येची चोरी हाय!"

पाटावरून उतरणाऱ्याला राखेची पुडी मिळे. तीन दिवस, तीन वेळा, पाण्यातून.

त्या संध्याकाळी नजीरला आणखी एक गोष्ट कळली. जोहराबीच्या हृदयाने दगा दिला, हे डॉक्टरने सांगितलं होतं. शेजारच्या विमलताईने सांगितलं ते वेगळंच होतं. अकरा वर्षं जोहराबीला संडास आवरत नव्हती. बाळंतपणात आत दुखापत झालेली, वयाबरोबर त्रास वाढला. जुन्या ओढण्यांच्या घड्या शिवून ती वापरायची. कुठे लग्नाला चल म्हटलं की तिचं डोकं दुखायचं, आणि नजीर तिला घरकोंबडी म्हणून चिडवायचा.

"मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"असं कोणी नवऱ्याले सांगते काय, भाऊ? मीबी तेच भोगून राह्यली, म्हणून मले सांगतलं."

नजीर त्या रात्री जेवला नाही. पुढेही बरेच दिवस तो एकाच वेळेला जेवायचा.

दोन महिन्यांनी विमलताई मिक्सर घेऊन दुकानात आली. मिक्सरला काहीच झालेलं नव्हतं.

"भाऊ, माह्या पोरीच्या, निकिताच्या लेकीचं बारसं हाय पांढरकवड्याले. जीपमध्ये चार बाया एकीवर एक बसतात. अडीच तास मी कशी काढू?"

"यवतमाळले जाता ना तुम्ही? चुंबकाच्या उपचाराले?"

"जातो ना! आठ खेपा झाल्या. कमरेवर मशीन धरते, टकटक करते. पण थे डॉक्टरीण म्हणते, फायदा होईल का नाई, माहीत नाई. अन् बाबा म्हणते, शंभर टक्के! बाबाच्या पाटावर बसली तर तीन दिवस एक थेंब नाई. बाबा म्हणते, दवाखाना सोडा. दोन चुंबकं भांडतात."

"अन् चौथ्या दिवशी?"

विमलताईने पोटावर हात ठेवला. "आज पाचवा. काहीच झालं नाई. पोट नगाऱ्यावानी झालं."

नजीरने शटर ओढलं आणि तिला घेऊन यवतमाळ गाठलं.

डॉक्टर सुरभी तरुण होती, पण घाईत नव्हती. तिने पोट तपासलं, औषध दिलं आणि पुडीत उरलेली राख तपासायला ठेवून घेतली. मग नजीरने विचारलं, "मॅडम, तुमचं चुंबक काम करते का नाई?"

"तेच तर तपासतोय, काका. आमचं यंत्र क्षणाक्षणाला चुंबकाचा झटका देतं. त्याने शरीरात बारीक वीज तयार होते आणि नस जागी होते. निम्म्या लोकांना खरा झटका मिळतो. निम्म्यांना नुसताच टकटक आवाज. शेवटी दोन्हींची तुलना करायची."

"म्हणजे माह्या कमरेले खोटं मशीनबी लावलं असंल?" विमलताई तडकली.

"असू शकेल, मावशी. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तुम्ही सही केली होती. तुम्हाला काय मिळतंय ते मलाही माहीत नाही. कोणाला खरं, कोणाला खोटं, त्या चिठ्ठ्या बंद आहेत."

नजीरचे डोळे चमकले. "बदलतं चुंबक तारेत वीज आणते, हा तर माहा धंदा हाय! तारेचे चार वेढे अन् एक बारका बल्ब द्या. खरं का खोटं, एका मिनिटात सांगतो."

"म्हणूनच तुम्हाला त्या खोलीत येऊ देणार नाही," डॉक्टर हसली. "मला कळलं, तर मला हवं तेच मी बघेन."

परतीच्या जीपमध्ये नजीर तेच वाक्य घोळवत होता.

आणि त्याच आठवड्यात बाबाचा चेला श्रावण पोत्यात काहीतरी घेऊन दुकानात शिरला. दारव्ह्यात मोटारीचं काही बिघडलं की माणूस नजीरकडेच येतो. चमत्कारालाही दुसरं दुकान नव्हतं.

"मिस्त्री, बाबाचा पाट गुणगुणत नाई."

"बिघडला?"

"बिघडला नाई. रुसला."

"मंग माह्याकडं काहून आणला? समजूत काढाले?"

श्रावण गेल्यावर नजीरने पाट खोलला. आत मसाजच्या पट्ट्यातली छोटी मोटार, तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला जड केलेली चकती, बॅटरी आणि जुन्या भोंग्यांची दोन चुंबकं. एक तार सुटली होती. नजीरने ती जोडली. चुंबकं जागेवरून हलणारी नव्हती. अशी निपचित चुंबकं जन्मभर तारेजवळ ठेवली तरी तारेत वीज येत नाही, हे त्याला तीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्याने ती काढली, तेवढ्याच वजनाचे फरशीचे तुकडे बसवले आणि पाट श्रावणला परत दिला.

बाजाराच्या दिवशी बाबाने खिळा धरला. खिळा घसरून मांडीवर पडला.

"आज शक्ती आत वळली हाय!" तो गरजला. "बाहेरचं लोखंड धरणार नाई, आतलं दुखणं धरीन!"

लोकांनी जयजयकार केला. दिवसभर माणसं बसली, गुणगुणली, उठली. आज जोर जास्तच आहे, असं म्हणाली.

उन्हं कलताना नजीर पुढे गेला आणि त्याने माइक घेतला. "आज कोणाकोणाले बरं वाटलं?" बरेच हात वर झाले. त्याने पिशवीतून दोन चुंबकं काढून पाटावर ठेवली. बाबाचे सगळे खिळे त्यांना जाऊन चिकटले. "हे घ्या तुमचं सामान. गिऱ्हाईकाचा माल मी ठेवत नसतो. पाटात फरशी हाय. खोलून पाहा."

लोकांनी खोलून पाहिलं.

"मंग श्रद्धेनं बरं वाटलं!" बाबा ओरडला. "या बाईचं तीन दिवस थांबलं होतं, थे कशानं?"

सगळ्या माना विमलताईकडे वळल्या. ती उठली. पदर सारखा करून तिने माइक मागितला.

"मले संडास आवरत नाई. सतरा वर्षं झाली. माहं थांबलं थे पाटानं नाई, पुडीनं. राखेत जुलाब बंद करायच्या गोळ्या कुटून टाकल्या होत्या. पुडी तपासल्याचा दवाखान्याचा कागद हाय माह्यापाशी. अजून दोन दिवस खाल्ली असती तर तुम्ही माह्या घरी बसाले आले असते."

कोणी हसलं नाही. बाबा मांडवाच्या मागच्या बाजूने निघाला, पण श्रावण गाडीची किल्ली घेऊन आधीच पसार झाला होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली.

विमलताई बारशाला गेली. जीपवाल्याला तिने चढतानाच सांगितलं, मी म्हणीन तिथे थांबायचं. तो दोनदा थांबला.

आता सांगायचं ते एवढंच. जो शंभर टक्के म्हणतो, त्याला विचारा, कसं तपासलं? जो माहीत नाही म्हणतो, तो तपासत असेल तर त्याला वेळ द्या. आणि दुखणं कुठलंही असो, आधी घरात बोला.

दवाखान्याचा निकाल अजून लागलेला नाही. ते चुंबक या आजारावर चालतं की नाही, हे आज कोणालाच माहीत नाही. चाचणीला साठ माणसं लागतात. विमलताई बोलली त्यानंतर तीन बाया आल्या, तेव्हा एक्केचाळीस झाली. एकोणीस अजून यायची आहेत.